मारुती सुपरमॅन नव्हे

मारुती हा जगातला पहिला सुपरहिरो, हे वाक्य आता इतकं रुळलं आहे की ते म्हणताना कुणाला पुराव्याची गरज वाटत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदक ते म्हणतो, हनुमान जयंतीच्या फलकावर ते झळकतं, आणि नातवाला थॉरचं चित्र असलेला टी-शर्ट घेऊन देणारे आजोबाही दुकानातच त्याला ऐकवतात, की असले हातोडेवाले आपल्याकडे कधीच होऊन गेले. यामागची आपुलकी समजण्यासारखी आहे. पण विधान म्हणून ते चुकीचं आहे, आणि त्यात देवावर जेवढा अन्याय आहे तेवढाच कॉमिक्सवरही आहे.

पूर्वपक्ष मात्र आधी पुरत्या ताकदीने मांडला पाहिजे. लंगडा पूर्वपक्ष खोडण्यात काय पुरुषार्थ?

तर तो असा. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन जन्माला घातला. दोनच वर्षांनी आलेल्या कॅप्टन मार्व्हलला शक्ती मिळते ती 'शझॅम' हा शब्द उच्चारल्यावर, आणि त्या शब्दातली अक्षरं सॉलोमन, हर्क्युलिस, अ‍ॅटलस, झ्यूस, अकिलीस, मर्क्युरी या सहा नावांची आद्याक्षरं आहेत. १९४१ ची वंडर वुमन ग्रीक देवतांच्या वरदानाने घडलेली. १९६२ मध्ये स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी तर आडपडदाच ठेवला नाही. थॉर हा देव सरळ नायक म्हणून आणला. जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये जगभरच्या वीरकथांचा सांगाडा एकच असल्याचं सांगितलं होतं. ग्रँट मॉरिसन या कॉमिक्सलेखकाने २०११ मधल्या आपल्या पुस्तकाचं नावच 'सुपरगॉड्स' ठेवलं. नाशिककराला तर पुराव्यासाठी फार लांब जायलाही नको. वणीच्या गडावर अठरा हातांची सप्तशृंगी उभी आहे. सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात सगळ्या देवांच्या तेजातून देवी प्रकटते आणि एकेक जण तिला आयुध देतो: शंकर त्रिशूळ, विष्णू चक्र, वरुण शंख, वायू धनुष्य आणि बाणांचे भाते, इंद्र वज्र. शझॅममध्ये याहून वेगळं ते काय आहे? टाकळीला समर्थांनी स्थापलेला गोमय मारुती आहे, आणि तालमीतालमीतून बलदंड मारुती आहेच. पूर्वपक्षी विचारतो, अजून काय पाहिजे?

मला अजून बरंच काही पाहिजे.

आधी कॉमिक्सच्या कारखान्यालाच साक्षीला बोलावू. इतक्या वर्षांत त्यांनी कोणकोणत्या देवांना आत घेतलं? थॉर, ओडिन, लोकी. १९६५ मध्ये थॉरशी दोन हात करायला हर्क्युलिस, आणि त्याच्यामागून झ्यूससकट सगळं ऑलिंपस. मग इजिप्तची मंडळी. यांच्यापैकी कुणाच्याही देवळात आज पहाटे काकडआरती होत नाही. (आइसलंडमध्ये जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्या पंथाला १९७३ साली सरकारमान्यता मिळाली, हे खरं, पण न्यू यॉर्कच्या प्रकाशकाने दचकावं इतकी काही त्यांची संख्या नाही.) आता ज्यांची देवळं नांदती आहेत त्यांचं काय झालं ते पाहा. १९८९ मध्ये रिक व्हीच यांच्या 'स्वॅम्प थिंग' मालिकेच्या ८८ व्या अंकात नायक येशूला भेटणार होता. डीसी कंपनीने ऐन वेळी हात आखडला आणि व्हीच मालिका सोडून निघून गेले. २०१९ मध्ये येशू एका सुपरहिरोच्या घरात राहायला येतो अशी 'सेकंड कमिंग' ही मालिका डीसीच काढणार होती. निषेध सुरू होताच तिला ते मोठं घर सोडून अहॉय या लहान प्रकाशनाकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. आपल्या देवांपैकी शिव १९८० मधल्या थॉरच्या एका अंकात झुंजीपुरता येऊन गेला. 'ब्लॅक पँथर' या २०१८ मधल्या चित्रपटात एका टोळीचा प्रमुख हनुमानाचा जयजयकार करतो, तर आपल्याकडच्या प्रतींत ते नाव सेन्सॉरने मुकं करून टाकलं.

थोडक्यात, देऊळ ओस पडलं की देवाला कॉमिक्समध्ये नोकरी मिळते. हा नियम प्रकाशकांनी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण पाळला मात्र कसोशीने आहे. देव म्हणजेच सुपरहिरो, असं त्यांना खरोखर वाटत असतं तर त्यांनी सर्वांत लोकप्रिय, सर्वांत जागते देव आधी उचलले असते. उचलले ते निवृत्त झालेले.

'आमच्यावरून उचललं' हा पोटमुद्दाही इथेच निकालात काढू. सुपरमॅनचं कूळ शोधायला गेलं तर हाताला लागतात ते तिकडच्या सर्कशीतले पैलवान आणि स्वस्त मासिकांतले साहसी नायक. त्याची घट्ट विजार आणि वरचा आखूड चड्डीवजा पट्टा सर्कशीच्या तंबूतूनच आला. त्यात किष्किंधेचा काही संबंध नाही, आणि नाही म्हणून किष्किंधेचं काही बिघडतही नाही.

आता मुख्य भेदाकडे येतो, आणि त्यासाठी रामकुंडावर यावं लागेल. कुंडाच्या वरच्या अंगाला कपालेश्वराचं देऊळ आहे. शंकराच्या या देवळात गाभाऱ्यासमोर नंदी नाही. का नाही, ते पंचवटीतलं पोरही सांगेल. शंकराने ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक उडवलं, त्याला ब्रह्महत्येचं पातक लागलं, आणि ते फेडायचं कसं हे त्याला काही केल्या उमगेना. एका वासराला असंच पातक लागलं होतं आणि ते गोदावरीत स्नान करून शुद्ध झालं, हे त्याने पाहिलं. त्याच्या मागोमाग जाऊन त्याने रामकुंडात बुडी मारली. ते वासरू म्हणजे नंदी. ज्याने मार्ग दाखवला तो गुरू. गुरूने शिष्यासमोर पायाशी बसायचं नसतं, म्हणून शंकराने त्याला इथे समोर बसू दिलं नाही.

चतुर पूर्वपक्षी म्हणेल, पाहा, चूक केलेला, अपराधाने पोळलेला नायक. स्पायडरमॅन तरी दुसरा कोण आहे? १९६२ मध्ये आलेला तो पोरगा चोराला पळू देतो आणि तोच चोर त्याच्या काकाचा जीव घेतो. उभं आयुष्य तो त्या एका चुकीचं ओझं वाहतो. आक्षेप चांगला आहे, आणि खरा फरक याच ठिकाणी उघडा पडतो. स्पायडरमॅनचं पातक फिटत नाही. फिटलं तर मालिका संपेल. साठ वर्षं उलटली, काका अजून मेलेलाच आहे आणि पुतण्या अजून झुरतोच आहे. त्याच्या झुरण्यावर पुढचा अंक उभा असतो. शंकराचं पातक मात्र फिटलं, आणि ते कुठे, कसं फिटलं हे सांगण्यासाठीच ती कथा आहे. देवाने जिथे बुडी मारली त्याच पाण्यात कथा ऐकणारा बुडी मारतो. आपल्याकडची स्थळमाहात्म्यं वाचून पाहा. राक्षस कितीही दांडगा असो, युद्ध कितीही अध्याय चालो, शेवटाला फलश्रुती येते: हे वाचणाऱ्याला, इथे येणाऱ्याला, हे व्रत करणाऱ्याला काय मिळेल. कॉमिकच्या शेवटी येतं 'क्रमशः'. देवकथा ऐकणाऱ्याला उठून काही करायला लावते, तर कॉमिक त्याला पुढच्या महिन्यापर्यंत वाट पाहायला लावतं. दोन्हींत मारामारी असते एवढ्यावरून ती एका जातीची ठरत नाहीत.

तालमीतल्या मारुतीचंही असंच. तालमीत शिरताना पठ्ठ्या मारुतीला हात जोडतो आणि मग स्वतः जोर काढतो, बैठका मारतो. मारुतीची ताकद पाहून टाळ्या पिटण्यासाठी तो तिथे आलेला नसतो. सुपरमॅनचं बळ वाचणाऱ्याला कधीच मिळायचं नाही; त्यासाठी क्रिप्टन ग्रहावर जन्म घ्यावा लागतो. शिवाय मारुतीचं बळ त्याच्या स्वतःच्या नावावर जमा नाही. त्याला त्याचा विसर पडलेला असतो, जांबवानाने आठवण करून द्यावी लागते, आणि आठवल्यावरही ते दुसऱ्याच्या कामी लागतं. सप्तशृंगीबद्दल तर पूर्वपक्षी दुसराच अध्याय वाचून थांबलेला दिसतो. पहिल्या अध्यायात ती विष्णूलाही झोपवणारी महामाया आहे. देवांनी तिला शक्ती बहाल केली असं म्हणणं म्हणजे व्याजालाच मुद्दल समजणं.

इथपर्यंत खंडन. पण खंडनाच्या भरात हातचं सोडू नये, म्हणून एक सवलत देतो. आपल्या देवमंडळातला एक जण कॉमिक्समध्ये अगदी चपखल बसेल. तो म्हणजे इंद्र. इंद्र ही व्यक्ती नाही, हुद्दा आहे. मन्वंतर बदललं की इंद्र बदलतो; नहुषासारखा मर्त्य राजाही काही काळ त्या आसनावर बसून आला. त्याला गर्व होतो, त्याला हरवता येतं, त्याची खुर्ची सतत धोक्यात असते, हातात ठळक शस्त्र असतं आणि तो वीज पाडतो. थॉर आणखी कोण आहे? थॉरच्या हातोड्यावर पहिल्यापासून हेच कोरलेलं आहे, की जो लायक असेल त्याला थॉरची शक्ती मिळेल. २०१४ मध्ये तो हातोडा जेन फॉस्टर या बाईने उचलला आणि थॉर हे पद तिच्याकडे आलं. तेव्हा तुलना करायचीच तर थॉर आणि इंद्र अशी करा, ती शोभेल. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की नाशकात राम, शंकर, देवी, मारुती, विष्णू यांची देवळं गल्लोगल्ली आहेत आणि इंद्राला नवस बोललेला माणूस तुम्हाला सापडायचा नाही. वर सांगितलेला नियम इथेही लागू पडतो.

मग सुपरहिरोची जागा आपल्याकडे कुणी घेतली? माझं उत्तर आहे, नाथांनी.

'नवनाथ भक्तिसार' ही मालू नरहरीची पोथी शके १७४१ म्हणजे १८१९ सालची. चाळीस अध्याय. श्रावणात आजही घरोघरी तिचं पारायण होतं, आणि होतं म्हणूनच तिच्याकडे गोष्ट म्हणून कुणी पाहत नाही. एकदा तसं पाहा. मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीच्या गडावर येतो, अंबिकेची आराधना करतो, आणि ती त्याला एका वृक्षापाशी नेते. त्या झाडावर देवदेवता बसलेल्या आहेत. एकेकाला प्रसन्न करून घेतल्यावर त्याला साबरी विद्या मिळते. त्यानंतर सुरू होतात त्या झुंजी. सेतुबंधावर मारुती त्याला जोखायला जातो, डोंगर फेकतो, आणि मच्छिंद्र ते मंत्राने हवेतल्या हवेत थोपवतो. शेवटी वायूला मध्ये पडून दोघांना गळ्यात गळे घालायला लावावे लागतात. हिंगळाजच्या दारात अष्टभैरव त्याला अडवतात. अस्त्राला अस्त्र, प्रत्येकाचं नाव वेगळं, काम वेगळं, तोड वेगळी. दोन बलवान गैरसमजातून भिडतात, कुणीच हरत नाही, मग दोस्ती होते आणि पुढच्या कामाला दोघे मिळून लागतात: मार्व्हलच्या लेखकांनी साठच्या दशकात नेमका हाच साचा वापरून घर भरलं. साधनेने कमावलेली विद्या, गुरूशी नातं, कुणाचं शरीर कुठे लपवलं, कोण कुठल्या राज्यात अडकून पडलं आणि त्याला सोडवायला शिष्य कसा निघाला, सगळा मसाला इथे आहे. आणि नायक देव नाही. नायक आहे सिद्ध, म्हणजे शक्ती कमावलेला माणूस. देव अधूनमधून येतात, परीक्षा घेतात, कधी मारही खातात, वर देतात आणि आपल्या जागी परत जातात.

हा पुरावा मी ओढून आणलेला नाही, कारण आपल्या कॉमिक्सवाल्यांना तो आधीच कळला होता. १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा 'नागराज' हिंदीत आला. एका दुष्ट प्राध्यापकाने शस्त्र म्हणून घडवलेल्या या विषारी तरुणाला पहिल्याच अंकात मोकळं कोण करतं? बाबा गोरखनाथ. जिथून गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथांची परंपरा महाराष्ट्रात पसरली तो ब्रह्मगिरी नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि हिंदी पट्ट्यातला सर्वांत खपलेला सुपरहिरो त्याच परंपरेच्या हातून दीक्षा घेऊन निघाला! चित्रं काढणारा हातही मराठी. 'अमर चित्रकथे'त देव आणि राजे काढणाऱ्या प्रताप मुळीकांनीच नागराजला रूप दिलं. एकाच माणसाने दोन्ही केलं म्हणून दोन्ही एक होत नाही. उलट मुळीकांची दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहिली तर पात्रांची उभं राहण्याची तऱ्हाच निराळी दिसते. 'अमर चित्रकथे'चे संपादक अनंत पै यांनी तर पहिल्या 'कृष्णा'त चमत्कार दाखवताना हात राखून ठेवला होता. कृष्णाचा सुपरमॅन होऊ नये, ही जाण त्या चित्रकथेला सुरुवातीपासून होती असंच मी मानतो. आज तिचेच वाचक मोठे होऊन उलट बोलतात.

आता दुसरं मत. ते पहिल्याच्या बरोबर विरुद्ध टोकाचं आहे आणि सहसा सुशिक्षित, काटेकोर माणसांकडून ऐकू येतं: एकाच विश्वात ओडिनही खरा, झ्यूसही खरा, शिवही खरा, आणि वर परग्रहवासी आणि विज्ञानही खरं, हा पोरखेळ आहे, जग कुणीतरी एकानेच निर्माण केलेलं असणार, सगळ्यांनी मिळून कसं असेल? कॉमिक-विश्वाच्या विसंगतीला हसणाऱ्या या मंडळींना मी पांडवलेण्यांवर घेऊन जाईन.

तिथल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमी बलश्रीचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, तिचा नातू पुळुमावी याच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षीचा. लेणं दिलं आहे बौद्ध भिक्षूंना, भद्रयानीय पंथाच्या. आणि त्यात आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन करताना ती काय करते? पराक्रमाने तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. (केशवाच्या जोडीला आलेला हा राम बहुधा बलराम असावा.) तेजाने नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाती, अंबरीष यांच्या बरोबरीचा. त्याने ज्या समरांत शत्रू जिंकले त्या समरांत वारा, गरुड, सिद्ध, यक्ष, राक्षस, विद्याधर, भूत, गंधर्व, चारण, चंद्र, सूर्य, नक्षत्रं आणि ग्रह उतरले होते. ब्राह्मणी परंपरेचा अभिमान बाळगणारा राजा, त्याची आई, बौद्ध संघाला दान, आणि रणांगणात अख्खं अंतराळ! पुढे अकराव्या लेण्यात जैन मूर्ती आल्या. आणि गावाने या सगळ्याला नाव दिलं पांडवलेणी. पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही, पण अर्जुन-भीम लेखात आधीच येऊन बसले होते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

ही विसंगती कुणी सोडवली नाही. ती नांदवली. आणि नांदवण्याची शास्त्रं आपल्याकडे होती. एकाच घटनेच्या दोन कथा जुळेनात, तर पंडित सांगत: कल्पभेद. या कल्पात असं झालं, त्या कल्पात तसं. शंकराच्या हाताला चिकटलेली ब्रह्मदेवाची कवटी काशीला कपालमोचन तीर्थावर गळून पडली असं काशीवाले सांगतात, आणि पातक इथे फिटलं असं आपण सांगतो. अद्भुत रामायणात सहस्रमुखी रावणाला सीता मारते. कोणतं खरं? सगळीच, आपापल्या कल्पात. आता १९६१ मधला 'फ्लॅश'चा १२३ वा अंक घ्या. जुना फ्लॅश आणि नवा फ्लॅश यांचं जमेना, म्हणून लेखक गार्डनर फॉक्स यांनी दोघांना दोन वेगळ्या पृथ्वींवर बसवलं आणि त्यांची भेट घडवली. पृथ्वी वाढत गेल्या, गोंधळ झाला, म्हणून १९८५-८६ मध्ये डीसीने त्या सगळ्या मोडून एकच केली. ती फार वर्षं एक राहिली नाही. राहणारही नव्हती. वंडर वुमनचंही तेच: आधी ती मातीच्या पुतळ्यातून जन्मलेली, २०११ पासून झ्यूसची मुलगी. थॉरचा मर्त्य अवतार डॉक्टर ब्लेक आधी खराखुरा डॉक्टर होता. १९६८ मध्ये कळलं, की तो ओडिननेच रचलेला देखावा होता. पुराणं वाचलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

म्हणजे माझं मंडन असं आहे. देव आणि सुपरहिरो यांच्यात साम्य शोधलं तर हाती काही लागत नाही; पुराणांचा संसार आणि कॉमिक्सचा संसार यांच्यात शोधलं तर भरपूर लागतं. अनेक पिढ्यांचे, एकमेकांना न विचारता लिहिणारे लेखक. मागच्याने लिहिलेलं खोटं म्हणायचं नाही पण बदलायचं तर आहेच, ही अडचण. दूरदूरच्या नायकांच्या भेटी घडवण्याची हौस. आणि ही भेट खरी की ती, यावर भांडणारे भक्त. भांडण म्हणाल तर मे २०२२ मध्ये नाशिकलाच झालं. हनुमानाचा जन्म आपल्या अंजनेरीचा की किष्किंधेचा, यावर साधूंची सभा भरली. त्याआधी वर्षभर तिरुपतीनेही आपला दावा मांडला होता. सभा गोंधळात मोडली, निर्णय झाला नाही. कल्पभेदाचं नाव कुणी मनावर घेतलं असतं, तर सगळे जेवून आपापल्या गावी गेले असते.

सगळं गोडीगुलाबीने झालं असंही नाही. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर वेगवेगळे नाहतात. त्यामागे अठराव्या शतकातला स्नानाच्या मानावरून पेटलेला झगडा आहे. पण त्याच गावात वैकुंठ चतुर्दशीला हरिहर भेट होते, सुंदरनारायणाची तुळस कपालेश्वराला जाते आणि तिकडचा बेल इकडे येतो. मोठ्या कंपन्या वर्षाकाठी दोन मालिकांचे नायक एकत्र आणून खप वाढवतात, ती युक्ती आपल्याकडे पंचांगात आहे.

एक शेवटचा आक्षेप राहतो तो पावित्र्याचा. मुखवटे आणि भडक रंगांत देव आणला की विटंबना होते म्हणे. हे म्हणणारा बोहाड्याला कधी गेलेला नसतो. त्र्यंबक, इगतपुरी, पेठपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या पट्ट्यात मशालीच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवांची आणि राक्षसांची सोंगं रात्रभर नाचतात. सोंगाचा मान घराण्यांत चालत येतो. मुखवट्याखाली कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, आणि तरी त्याच्या पाया पडतात. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही हे पुरतं माहीत होतं. त्यांच्या १९१९ च्या 'कालियामर्दन'च्या सुरुवातीला त्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिचा चेहराच आधी प्रेक्षकांना दाखवला, नाना भाव करणारा, आणि मग तीच मुलगी कृष्ण झाली. कृष्णाचं काम करणारी ही पोर फाळक्यांची, हे कळल्यावरही लोकांची भक्ती आटली नाही. देवाला मुखवटा चालतो. त्याला अडचण होते ती जागा काढून घेतल्यावर. मार्व्हललाही हे एकदा कळलं होतं: २००७ मध्ये त्यांनी अस्गार्ड आणून ओक्लाहोमातल्या एका लहानशा गावाशेजारी तरंगतं ठेवलं, गावकऱ्यांना देवांचे शेजारी केलं, आणि थॉरच्या गोष्टीला पुन्हा वजन आलं.

तेव्हा नाशकात बसून कॉमिक काढू पाहणाऱ्या तरुण चित्रकारांना माझं सांगणं एवढंच. मारुतीच्या छातीवर चिन्ह काढून त्याला खलनायकामागे धाडू नका. ते काम त्याचं नाही आणि त्यातून चांगलं चित्रही निघत नाही. इंद्र हवा तर खुशाल घ्या. आणि मोठी मालिका करायची असेल तर 'नवनाथ भक्तिसार'चा दुसरा अध्याय उघडा, सप्तशृंगीच्या गडावरून सुरुवात करा, आणि अंबिकेने दाखवलेलं, फांदीफांदीवर देव बसलेलं ते झाड पहिल्या पानावर पूर्ण काढा. त्यावर अजून कुणाचा हक्क लागू नाही.